झाकली मूठ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलावलेल्या पाहुणीने मंडळाचे कौतुक करावे, चार गोड शब्द बोलावेत आणि आतले बटाटेवडे निवायच्या आत खाली बसावे, असा एक चांगला प्रघात आहे. तो आज मोडणार आहे आणि त्याची निम्मी जबाबदारी तुमच्या चिटणीसबाईंची आहे. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी दोन विषय सुचवले. एक 'आहार आणि आरोग्य', आणि दुसरा तरुण मुलांच्या व्यसनांचा. दुसरा विषय सांगताना त्यांनी आवाज एकदम खाली आणला. घरात आम्ही दोघीच होतो, तरीसुद्धा. तेव्हाच मी ठरवले की आहारावर पुढच्या वर्षी बोलू.

मी काही विदुषी नाही. रुग्णालयात परिचारिका म्हणून माझे आयुष्य गेले, आणि त्यातली बरीच वर्षे व्यसनी माणसे आणि त्यांच्या घरच्या बायका ह्यांच्यात गेली. तेव्हा मी सांगेन ते पाहिलेले आणि जाणत्या डॉक्टरांकडून शिकलेले.

सुरुवात मुलांपासून नको. आपल्यापासून करू. इथे बसलेल्यांपैकी मशेरी लावणाऱ्या किती जणी आहेत, हात वर करावयास मी सांगत नाही. पण सकाळी मशेरीची डबी सापडली नाही तर डोके कसे चढते, कुणावरही कसे खेकसावेसे वाटते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडी येईपर्यंत पोट साफ होत नाही, हे काही जणींना चांगले ठाऊक असेल. विचारले तर आपण म्हणतो, दातांसाठी लावते. मुलगा म्हणतो, अभ्यासाला जागायला घेतो. दोन्ही उत्तरे एकाच घराण्यातली आहेत. २०१६-१७ साली देशभर झालेल्या तंबाखूच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांपैकी सव्वीस-सत्तावीस जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले होते. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. हे सांगण्याचा हेतू आपल्याला टोचण्याचा नाही. मशेरीची तलफ जिला कळते तिला आपल्या मुलाच्या जिवाची तगमग कुणी पुस्तकातून शिकवावी लागत नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे. फरक तीव्रतेचा आहे, जातीचा नाही.

आता ह्या वयाविषयी थोडे. अठरा ते पंचवीस ही वर्षे मोठी फसवी असतात. मुलाला मिशा फुटतात, पगार सुरू होतो, मतदानाचा हक्क येतो, आणि आपण समजतो की तो पुरता शहाणा झाला. पण मेंदूचा जो पुढचा भाग 'थांब, विचार कर' असे सांगतो, तो पक्का होण्यास साधारण पंचविशी उजाडते, असे मेंदूचा अभ्यास करणारे सांगतात. मजा हवी, नवे हवे, मित्रांत कमीपणा नको, असे म्हणणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. मोटार नवी कोरी आणि ब्रेक अजून बसवायचा राहिलेला, अशी ती अवस्था. त्यातच मुलगा किंवा मुलगी घर सोडून वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहू लागते. मुलगी म्हटले ते मुद्दाम म्हटले. व्यसन मुलग्यांनाच लागते असे मानून आपण मुलींच्या बाबतीत दुप्पट आंधळ्या होतो, आणि त्यांची झाकपाकही दुप्पट होते.

आपल्या तरुणपणी दारू आणि फार तर गांजा ऐकून माहीत असे. १९८० नंतर गर्द आला. आता त्यात 'एमडी' नावाच्या भुकटीची भर पडली आहे. तिचे खरे नाव मेफेड्रोन. २०१५ साली ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली गेली, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ती किलोकिलोंनी सापडली. म्हणजे हे संकट कुठल्या तरी दूरच्या बंदरावरून येते असे समजण्याची सोय राहिलेली नाही. पण ह्या नव्या भुकटीच्या बातम्यांनी जुनी दारू नजरेआड होऊ देऊ नका. घरे सर्वांत जास्त तीच बुडवते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असे तीत निघाले. आकडे ऐकून आपण चुकचुकतो आणि विसरतो. म्हणून मी एकच आकडा लक्षात ठेवावयास सांगते. दारूवाचून ज्यांचे चालतच नाही अशा ३८ जणांमध्ये एकाला कसलातरी उपचार मिळतो. रुग्णालयात राहून उपचार घेणारा तर १८० मध्ये एक.

बाकीचे सदतीस कुठे आहेत? केंद्रे थोडी आहेत, पैसा नसतो, गाव दूर असते, हे सारे खरे. पण माझ्या अनुभवात त्यांच्यापैकी पुष्कळजण घरातच असतात, आणि आपण त्यांच्यावर झाकण ठेवून बसलेल्या असतो.

'एकच प्याला' आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिले असेल, निदान त्याची कथा ऐकली असेल. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी ते रंगभूमीवर आले. म्हणजे शंभर वर्षे उलटून गेली. ह्या शंभर वर्षांत सिंधूच्या दुःखाने आपण किती पदर भिजवले असतील! पण ह्या वयात त्या नाटकाकडे पाहताना माझे लक्ष रडण्यावरून दुसरीकडे जाते. सुधाकर हुशार वकील. सनदेवर गदा येते, अपमान जिव्हारी लागतो, आणि तो सल विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पहिला प्याला चैनीसाठी नव्हता, दुखण्यावर होता, हे गडकऱ्यांनी किती अचूक दाखवले आहे! पुढे हाच सुधाकर दारू सोडतो. खरोखर सोडतो. आणि नोकरी मागावयास चांगल्या चांगल्या लोकांच्या दारी जातो, तर ते त्याची अवहेलना करतात. तेथून तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. प्रतिष्ठितांच्या त्या दिवाणखान्याविषयी आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. सारे सिंधूविषयी बोलतात. आणि सिंधू काय करते? सोसते, दळणे दळते, झाकते. अखेरच्या घटकेलाही नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून झाकतच जाते. तिच्या पतिव्रत्याला मी नमस्कार करीन; पण तिच्या सोसण्याने सुधाकर वाचला नाही, तिचे मूल वाचले नाही आणि ती स्वतःही वाचली नाही. तिचा कित्ता आपण इतकी वर्षे गिरवला, तो आता पुरे.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही आपली लाडकी म्हण. व्यसनाच्या बाबतीत ती अगदी उलटी आहे. मूठ झाकलेली असते तोवर आत कर्ज वाढते.

झाकणे म्हणजे काय, तर मुलगा उठू शकत नाही म्हणून त्याच्या कचेरीत फोन करून ताप आल्याचे सांगणे. गळ्यातली साखळी गेली की कामवालीवर संशय घेणे. वास्तविक साखळी कुठे गेली हे मनात माहीत असते. मित्राची उधारी गुपचूप फेडणे आणि त्याच्या वडिलांना कळू न देणे. मी एका बाईला ओळखत होते, तिने मुलाची देणी फेडण्यासाठी चार वर्षांत दोन भिशा उचलल्या होत्या. तिला मी एवढेच विचारले, की प्रत्येक वेळी देणे फिटल्यावर त्याचे काय झाले? ती म्हणाली, पुन्हा उधारी सुरू झाली. तिच्या मायेबद्दल मला शंका नव्हती. पण व्यसनाचा खर्च जो सोसावयास हवा तो मुलगा सोसत नव्हता, आई सोसत होती. मग त्याने ते का सोडावे?

ह्याचा अर्थ त्याला घराबाहेर काढा असा नव्हे. पुष्कळ घरांत दोनच तऱ्हा दिसतात: आई झाकते आणि वडील मारतात. दोन्ही एकाच दिवशी चालू असतात, आणि मुलगा दोघांच्या मधल्या फटीतून निसटतो. मी सांगते ती तिसरी तऱ्हा अशी. जेवायला वाढा, पैसे देऊ नका. खोटे बोलू नका. तो नशेत असताना वाद घालू नका, त्यावेळी ऐकणारा कुणी तिथे नसतो. सकाळी, तो शुद्धीवर आणि खजील असताना, थोडक्यात बोला. 'आम्हाला माहीत आहे, आम्ही उपचाराला घेऊन जाऊ, देणी मात्र फेडणार नाही.' आणि हे वाक्य आई-वडील दोघांनी एकच म्हणावे. हात उगारत असेल तर मात्र थांबू नका, शेजाऱ्यांना हाक मारा, पोलिसांना बोलवा. तेथे लाज बाळगण्याचे कारण नाही.

आता तीन घरगुती उपाय सांगते, जे करू नयेत.

पहिला लग्नाचा. 'दोनाचे चार हात केले की सुधारेल' हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे, की ते म्हणणाऱ्या आयांची मला कीव येते आणि रागही येतो. ज्याला तुम्ही वीस-बावीस वर्षे ओळखता तो तुमच्याने आवरत नाही, तो कालपरवा आलेल्या परक्या मुलीने आवरावा? आपल्या घरातली आग विझवण्यासाठी दुसऱ्याची लेक त्यात टाकण्याचा हा प्रकार आहे. ह्या मंडळात स्थळे सुचवली जातात, पत्रिका दाखवल्या जातात, हे मी जाणते. मुलाच्या व्यसनाची कुणकुण असताना गप्प बसून स्थळ सुचवणारी बाई त्या मुलीची गुन्हेगार आहे, असे मी स्पष्ट म्हणते.

दुसरा, त्याच्या नकळत अन्नातून औषध घालण्याचा. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात. अशा पुड्यांत काय असेल ह्याचा भरवसा नसतो. कुणी कुणी डायसल्फिरम नावाच्या गोळ्या कुटून वरणात घालतात. हे औषध खरे आहे. दारूवर त्याचा उपयोग होतो हे १९४८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी जगापुढे मांडले. ते पोटात असताना दारू घेतली तर शरीरात विषारी द्रव्य साचते, चेहरा लाल होतो, ओकारी होते, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला हे ठाऊक असते म्हणून तो दारूपासून दूर राहतो. औषधाचे मर्म त्या ठाऊक असण्यातच आहे. ज्याला ठाऊक नाही तो नेहमीसारखा पितो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी तपासून, त्याच्या संमतीने, त्याच्या हाताने घेतले तरच ते औषध.

तिसरा उपाय खोलीत कोंडण्याचा. पुष्कळ दिवस रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर काही तासांत हातपाय कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कुणाकुणाला भ्रम होतो, नसलेले किडे दिसतात, माणूस ओळखेनासा होतो. हे नाटक नव्हे. ह्यात माणसे दगावतात. म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटली पाहिजे. ते योग्य औषधे देऊन हे दिवस सुखरूप पार पाडतात. गर्दाची गोष्ट वेगळी. तो तोडताना हाल फार होतात, पण मोठा धोका पुढे असतो. महिना-दोन महिने बंद ठेवलेल्या शरीराला जुने प्रमाण सोसत नाही, आणि एखाद्या दिवशी तो पूर्वीइतकेच घेतो आणि झोपेतच जातो. घरच्यांना हे माहीत असलेच पाहिजे.

मग जावे कुठे? आपण पुण्यात राहतो, तेव्हा मुक्तांगणचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. अनिल अवचटांनी गर्दाच्या विळख्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी पुढे केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. ते उभे केले डॉ. अनिता अवचट ह्या बाईने. त्या १९९७ साली गेल्या. एक बाई व्यसनी माणसांत निर्धास्त वावरते, त्यांच्यावर विश्वास टाकते, हीच गोष्ट त्या काळी नवलाची होती. व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, हे पुण्याच्या घराघरांत पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा. तेथे रुग्ण काही आठवडे राहतो. औषधाइतकेच महत्त्व बोलण्याला, व्यायामाला, कामाला असते. स्त्रियांसाठी तेथे वेगळा विभाग आहे, आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. शासकीय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांतही उपचार मिळतात. प्रथम कुणाशी तरी बोलावयाचे असेल तर केंद्र शासनाची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. पदराच्या गाठीला बांधून ठेवा.

पोलिसांची भीती पुष्कळांना वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही, कारण १९८५ च्या कायद्याने अमली पदार्थ घेणे हाही गुन्हा आहे. परंतु त्याच कायद्यात अशीही सोय आहे की व्यसनी माणूस आपण होऊन मान्य केंद्रात उपचारास गेला आणि ते पुरे केले, तर पदार्थ घेतल्याबद्दल किंवा अगदी थोडा जवळ बाळगल्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते.

आणि उपचारानंतर? येथे माझ्या भगिनी निराश होतात. 'एवढा खर्च केला, दीड महिना ठेवले, आणि गणपतीत पुन्हा घेतली!' रक्तदाब किंवा मधुमेह असलेला माणूस पथ्य मोडतो तेव्हा आपण औषध फुकट गेले म्हणतो का? पुन्हा डॉक्टरकडे जातो. ह्या आजारातही घसरणे पुष्कळदा होते, आणि पुन्हा उठणेही होते. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आपल्या शहरातही भरतात. तेथे माणूस 'आजचा दिवस' एवढाच हिशेब ठेवतो. घरच्या मंडळींसाठी अल-अॅनॉन नावाची तशीच संघटना १९५१ पासून आहे.

ह्या संदर्भात व्हिएतनामच्या लढाईतील अमेरिकन सैनिकांची गोष्ट मला नेहमी आठवते. तेथे पाचांतला एक जवान गर्दाच्या आहारी गेला होता. १९७१ साली ते मायदेशी परतू लागले तेव्हा सरकार धास्तावले. पण ली रॉबिन्स ह्या संशोधक बाईंनी त्यांचा मागोवा घेतला, तर व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले शंभरात पाचच्या आसपास निघाले. कारणे अनेक असतील, परंतु एक उघड आहे: ती छावणी, ते सोबती, ते भय, सारे मागे राहिले होते. आपल्या मुलाचे नेमके उलट होते. केंद्रातून सुटून तो त्याच गल्लीत, त्याच पानपट्टीसमोर, त्याच मित्रांत येतो. त्याला आपण दुसरी छावणी देत नाही.

म्हणून मंडळाकडे माझे मागणे आहे ते ह्या जागी. दारूचे दुकान आडव्या बाटलीने बंद पाडणाऱ्या बायकांचा मला अभिमान आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने मना आहे. ते मोजावयास एक टेप आणि चार बायका पुरतात, आणि ते काम तुम्ही ह्याच महिन्यात करू शकता. पण मोर्चा काढणे सोपे, त्यात वर्तमानपत्रात छायाचित्रही येते. कठीण आहे ते केंद्रातून परत आलेल्या पोराला काम देणे. आपल्यापैकी कुणाचे किराणा दुकान आहे, कुणाच्या यजमानांचे वर्कशॉप आहे, मंडळाचा स्वतःचा दिवाळी फराळाचा व्यवहार आहे. खोकी उचलायला, पोचवायला माणूस लागतोच. पगार हातात रोख न देता आईच्या नाहीतर बायकोच्या समोर, त्याच्या संमतीने द्यावा. पहिले काही महिने गल्ल्याशी बसवू नये. पण काम द्यावे. हळदीकुंकवाला त्याच्या आईला बोलावणे वगळू नये, आणि ती आली की स्वयंपाकघरातली कुजबूज बंद करावी. दिवाणखान्यातल्या त्या प्रतिष्ठितांच्या भूमिका आता तरी आपण करू नयेत.

माझी वेळ केव्हाच संपली आहे. चिटणीसबाईंनी एक गोष्ट मान्य केली आहे, ती जाहीर करते. पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मंडळाची मागची खोली उघडी राहील. हजेरीचे पुस्तक नसेल, वर्गणी नसेल, नाव विचारले जाणार नाही. आजही चहा झाल्यावर मी तासभर तिथेच बसणार आहे. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी यावे. शेजारणीच्या मुलाविषयी विचारते आहे असे म्हटले तरी चालेल; मी शेजारणीचे नाव विचारणार नाही.